नानांच्या खोलीतली हवा

ग्वाल्हेर स्टेशनावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "पोरगा जर्मनीला चाललाय. तिथं हवा नापणार!" वरच्या बर्थवरचे एक गृहस्थ पान चघळत म्हणाले, "क्यों, इधर की नाप ली सब?" डबा हसला, नाना हसले. आई मात्र खिडकीचे गज धरून उभी होती. "लवकर वापस ये," एवढंच म्हणाली.

इकडची हवा मी अजून नापलेली नाही, हे त्या गृहस्थांना कळवायचं राहिलं. काम मात्र माझं ऐटीचं. जगभराच्या धुरातला कार्बन शेवटी जातो कुठे, समुद्र किती पितो, जंगलं किती गिळतात आणि आपल्या डोक्यावर किती उरतो, याचा मेळ आम्ही कॉम्प्युटरवरच्या मॉडेलात घालतो. त्यासाठी पृथ्वीचे चौकोन पाडतो. ग्वाल्हेर, मुरैना, भिंड, सगळी एकाच चौकोनात. तिथं आमचं मोजयंत्र नाही, म्हणून तो चौकोन दुरून, अंदाजानं भरायचा. माझा बाप तिथल्याच दर्पण कॉलनीत राहतो आणि मी त्याचं गाव अंदाजानं भरतो. वाजवा टाळ्या!

आई गेल्यावर नाना एकटे पडले. जर्मनीला यायला तयार नव्हते. तेव्हा मी एक लहानसं यंत्र नेऊन त्यांच्या उशाशी लावलं. बंद खोलीत माणूस श्वास सोडत राहिला की कार्बन डायऑक्साइड साचत जातो, खिडकी उघडली की उतरतो. त्या चढउताराची रेघ वायफायवरून थेट माझ्या ऑफिसात दिसायची. चढली म्हणजे नाना झोपले. उतरली म्हणजे उठले, खिडकी उघडली. कॅन्टीनमध्ये हे मी असं रंगवून सांगितलं की सहकाऱ्यांनी टेबलं वाजवली. काय लेक आहे! फोन मात्र हळूहळू कमी झाले. विचारायचं काय, रेघ सगळं सांगतच होती.

एका सकाळी पाहतो तर रेघ रात्रभर जवळजवळ सपाट. खोलीत श्वासच नाही. फोन लावला, कुणी उचलेना. शेजारच्या भदौरियाभाभींना विचारलं. "अरे भैया, अंकलजी तो चश्मा बनवाने नई सड़क गए हैं," त्या म्हणाल्या. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो.

दुपारी नानांचा फोन आला. "काय रे, घाबरलास?"

"नाना, यंत्राला काय झालं?"

"काही नाही. गच्चीवर ठेवून दिलं मी. म्हटलं बघू, किती दिवसांनी फोन येतो. एका रात्रीत आला की रे!"

"असली चेष्टा करतात का?"

"चेष्टा मी करतो? बापाचा श्वास नापतोस, आणि जेवलात का म्हणून विचारत नाहीस."

मी येतो म्हणालो. "कधी?" त्यांनी विचारलं. मॉडेलचं काम उरकलं की, मी म्हणालो.

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर म्हणजे अंगण, घर म्हणजे माती, हे मला आता ऐकवत नाही. मी रोज जेवणाच्या सुटीत फोन करतो. रोज नाना पहिल्याच घंटेला उचलतात, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणतात, "आहे जिवंत." मग ठेवून देतात. तेवढंच माझं घर.