पिसिला आत्या चर्चला उशिरा आली

आमच्या गावच्या चर्चमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस पाळकसाहेबांच्या आधी पिसिला आत्याच्या तावडीत सापडतो. आत्या दारातच त्याला नखशिखान्त न्याहाळते, उघडे खांदे झाकायला लावते आणि शिकवणी सुरू करते. "पहिल्या बाकावर बसायचं नाही, तिथं मी बसते. सगळे उठले की उठायचं. प्रवचनात पाळकसाहेब रडतील. ते दर रविवारी रडतात, तू घाबरू नकोस. गाणं येत नसलं तरी गायचं, पण पुटपुटायचं नाही. सुटल्यावर चार घरची जेवणाची बोलावणी येतील. चारही ठिकाणी जायचं आणि चारही ठिकाणी पोटभर खायचं." पाहुणा मान डोलावतो. आत्यापुढे दुसरं काही करताच येत नाही.

आम्हा टोंगाच्या लोकांत बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांत मोठा. बाबा होते तेव्हा तेही हिच्यापुढे चूं करत नसत. आता ना आई, ना बाबा. माझ्या धाकट्या बहिणीला, सिआलेला, आत्यानेच लहानाचं मोठं केलं. त्यामुळे सिआलेचं लग्न ठरायचं तर ते आत्याच्या एका होकारावर.

सिआलेने पसंत केलेला मुलगा म्हणजे कॅलम. टास्मानियाचा. आमच्या हापाई बेटांवर फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करायला आला आणि इथं रमला, पण काम संपलं की परत जाणार. पोरगा गुणी, पण जन्मात कधी चर्चची पायरी चढलेला नाही. आत्या हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "आधी रविवारी चर्चला येऊ दे, मग बघू," एवढंच म्हणाली.

तिचं 'मग बघू' आम्हाला चांगलंच ठाऊक आहे. पोरगा नापास व्हावा असं तिला मनातून वाटत होतं. पण शिकवण्यात कसूर केली असं गावाने म्हणता कामा नये, म्हणून तिने आठवडाभर रोज संध्याकाळी त्याला अंगणात बसवून घोटून घेतलं.

"घड्याळ बघायचं नाही."

"बरं आत्या." कॅलमने घड्याळ काढून खिशात टाकलं.

"उगाच दात काढायचे नाहीत."

"बरं आत्या."

"आणि कमरेला ताओवालाची चटई गुंडाळल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. चटईशिवाय चर्चला येणं म्हणजे उघडं येण्यासारखं. आमच्या मागच्या खोलीत आहे, ती घे. जुनी आहे, पण जुनी तीच मानाची. नव्याकोऱ्या चटया हॉटेलातल्या वेटरांना शोभतात."

रविवारी मी आणि सिआले गायनमंडळात असल्यामुळे लवकर निघालो. आत्याही निघणार, तेवढ्यात शेजाऱ्यांच्या डुकराने आमच्या अंगणातली जमिनीखालची भट्टी उकरली. दुपारच्या जेवणाचं मांस आणि रताळी सगळी त्या भट्टीत. आत्या काठी घेऊन डुकराच्या मागे परसात धावली, आणि नेमका तेव्हाच कॅलम पुढच्या दाराने घरात शिरला.

मागच्या खोलीत चटया होत्या दोन. एक पेटीवर घडी घालून ठेवलेली, मऊसूत, आत्याने मुद्दाम काढलेली. दुसरी खुंटीवर लोंबत होती, जाडीभरडी, कडा फाटलेल्या, दोरे सुटलेले. जुनी तीच मानाची, हे त्याने पाठच केलं होतं. त्याने खुंटीवरची घेतली.

ती सुतकाची चटई. बाबा गेले तेव्हा सिआलेने नेसलेली. आणि अशी छातीपासून नडगीपर्यंत येणारी फाटकी चटई वाटेल त्याने नेसायची नसते. बाप गेला तर लेकरं नेसतात, आत्या गेली तर भाचे नेसतात. आमच्या घरात बाप आधीच गेलेला, हे सगळ्या गावाला माहीत.

दुसरं गीत संपलं आणि कॅलम दारात उभा राहिला. पांढरा सदरा, टाय, आणि खाली ते ध्यान. शिकवल्याप्रमाणे चेहरा अगदी गंभीर. सगळ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पहिल्या बाकाकडे. बाक रिकामा.

म्हातारी विका आजी "अगं बाई, पिसिला!" म्हणून ओरडली आणि बायकांनी गळा काढला. आम्ही दोघींनी थोड्या वेळापूर्वी आत्याला ठणठणीत पाहिलं होतं, तरी सिआले पांढरीफटक पडली. पाळकसाहेब "आपली भगिनी पिसिला" एवढंच बोलले आणि नेहमीपेक्षा बरेच आधी रडायला लागले. गायनमंडळाचे मोसेसे काका आयुष्यभर आत्याशी सुरांवरून भांडत आलेले. त्यांनी डोळे पुसत अंत्यविधीचं गीत उचललं. कॅलमला वाटलं, ही रोजचीच पद्धत. पुटपुटायचं नाही हे लक्षात ठेवून, शब्द येत नसतानाही तो बेंबीच्या देठापासून "आ आ" करत होता.

तेवढ्यात आत्या आली. कोपरापर्यंत मातीने बरबटलेली.

"कोण गेलं?"

गाणं थांबलं. विका आजीने बोट दाखवलं. "तू!"

"मी? मला कुणी कळवलं नाही ते!" आत्या मधल्या वाटेने पुढे आली. "आणि माझ्यासाठी असलं मरतुकडं गाताय होय रे मोसेसे? मी खरीच मेले ना, तर खालच्या सुराला दणकट माणसं घे. नाहीतर मी उठून बसेन."

अख्खं चर्च खो खो हसलं. पाळकसाहेब रडता रडता हसले. मग आत्याची नजर कॅलमवर गेली आणि हसणं विरलं. त्याने स्वतःच्या कमरेकडे पाहिलं, आजूबाजूच्या नीटनेटक्या चटया पाहिल्या, आणि बिचारा कानापर्यंत लाल झाला.

"आत्या, तुम्ही म्हणालात जुनी..."

"काढ, काढ!" मागून कुणीतरी म्हणालं. तो घाईघाईने दोरी सोडायला लागला. माझ्या मनात आलं, संपलं, सिआलेचं लग्न आता होत नाही.

"थांब," आत्या म्हणाली. तिने स्वतः ती दोरी पुन्हा घट्ट बांधली. "ही माझ्या भाच्यांनी नेसायची असते. माझ्या मरणाला. कळलं?"

"आता कळलं."

"तू सिआलेला टास्मानियाला नेणार. मी मेले तेव्हा हिच्या अंगावर ही चटई नसली तर? रात्ररात्र मला एवढीच काळजी लागते बघ, बाकी तुझ्यात खोट नाही." आत्याचा आवाज कापत होता, आणि तो लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. "घेऊन येशील तिला?"

"दोघं येऊ," कॅलम म्हणाला. "बोट बंद पडली तर दुरुस्त करू आणि येऊ."

आत्याने नाक पुसलं. तिच्या तोंडाला सगळी माती लागली. मग ती पाळकसाहेबांकडे वळली.

"प्रवचन जरा आटोपतं घ्या आज. लग्नाची तारीख काढायची आहे."