साडेसहाशे शब्द आणि एक जळालेली मोटर

दहावीपर्यंत मी शेवगावला मराठी शाळेत होते आणि निबंधात मला कायम चांगले गुण पडायचे. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, वठलेल्या झाडाचं मनोगत, सूर्य उगवला नाही तर काय होईल, असं सगळं मी लिहिलेलं होतं. पुस्तकाच्या वतीनं रडायला मला छान जमायचं. स्वतःबद्दल मात्र कधी दोन ओळी लिहायची वेळ आली नव्हती. कुणी सांगितलंच नव्हतं.

अकरावीला नगरला आले. कॉलेजमध्ये एक दिवस एक जुनी विद्यार्थिनी बोलायला आली. ती अमेरिकेतल्या एका कॉलेजात शिकत होती, आणि तिचा सगळा खर्च ते कॉलेजच करत होतं. "मार्क सगळ्यांनाच असतात," ती म्हणाली. "तिथं अर्जासोबत एक निबंध द्यावा लागतो. साडेसहाशे शब्द. तुम्ही कोण आहात ते त्यातून कळलं पाहिजे." बाकीच्या मुली परत वर्गात गेल्या. मी तिच्यामागून जिन्यापर्यंत गेले आणि तिचा नंबर घेतला.

मी राहायचे कोर्टाच्या मागच्या गल्लीत, एका काकूंच्या घरी. पुढची खोली त्यांची, मागची माझी. काकू नगरच्या कोर्टात तीस-बत्तीस वर्षं स्टेनो होत्या. साक्षीदार पिंजऱ्यात बोलायचा आणि काकू ते लघुलिपीत उतरवून घ्यायच्या. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या कानामागं पेन्सिल असायची. भाजीची यादी त्या लघुलिपीतच लिहायच्या, त्यामुळे मला कधी बाजारात पाठवता यायचं नाही.

बारावीत गेल्यावर पहिला निबंध मी आठवडाभर खपून लिहिला. इंटरनेटवरचे नमुने वाचले, शब्दकोशातून जड जड शब्द काढले. इंग्रजी ऐकणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून रविवारी सकाळी काकूंपुढे बसून मोठ्यानं वाचला. त्या मेथी निवडत होत्या. मेथी बाजूला सारून त्यांनी वही घेतली आणि मी वाचत असताना अधूनमधून पेन्सिल चालवली.

"झालं?"

"झालं."

"मी काय लिहून घेतलं ते ऐक." त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. "मी शेवगावची. माझे वडील विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात."

मी वाट पाहिली. पुढं काही नव्हतं.

"काकू, मी दोन पानं वाचली!"

"वाचलीस ना. पण बाकी सगळं कुणीही म्हणालं असतं. स्वप्नं, जिद्द, आकाशाला गवसणी. जबानीत असलं काही चालत नाही. साक्षीदार म्हणाला, मला फार वाईट वाटलं, तर वकील विचारतो, तू कुठं उभा होतास? तुला तिथून काय दिसलं? तेवढंच सांग."

मला राग आला होता. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. पण दुसऱ्या रविवारी नवा निबंध घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर बसले.

तो दुसरा निबंध आठवला की अजून कानकोंडं व्हायला होतं. अमेरिकेतल्या लोकांना काय आवडेल याचा मी अंदाज बांधला होता. म्हणून त्यात दुष्काळ घातला, भेगाळलेली जमीन घातली, आणि दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारं कुटुंब घातलं. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण दरवर्षी तशी जायची. तिची वही मी सहा-सहा महिने पूर्ण करून ठेवायचे. निबंधात मात्र जाणारी मुलगी तीच की मी, हे मी मुद्दाम धूसर ठेवलं होतं.

काकूंनी या वेळी बरंच लिहून घेतलं. मला वाटलं जमलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरातलं कोण जातं ऊस तोडायला?"

"कुणी नाही."

"मग ही कुणाची गोष्ट आहे?"

"मैत्रिणीची."

"तिला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. काकूंनी ते पान वहीतून फाडलं नाही की मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या जागी उभं राहून साक्ष द्यायची नसते गं. तुझं स्वतःचं काही असेलच. जे सांगायला नको वाटतं ना, तिथं बघ."

तसं एक होतं. ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

शेवगावला रस्त्याला लागून पप्पांचं मोटारी भरायचं दुकान, आणि दुकानामागेच आमचं घर. जळालेली मोटर आली की पप्पा तिची काळी पडलेली तार उपसून काढायचे आणि नवी तांब्याची तार भरायचे. त्याला हाताने फिरवायचं एक यंत्र होतं. किती वेढे दिले ते दाखवणारा त्याचा काटा मोडलेला होता, म्हणून वेढे मोजायला मी बसायचे. पप्पा दांडा फिरवायचे, मी मोठ्यानं मोजायचे. त्यांना वेढे म्हणायची सवय नव्हती, ते टर्न म्हणायचे. नव्या तारेचा रंग, वॉर्निशचा तो नाकात जाणारा वास, आणि आमच्या दोघांचा चाललेला तो एक सूर. शाळेतून आल्यावरचा तो तास मला दिवसातला सगळ्यात चांगला वाटायचा. अजूनही वाटतो.

आठवीत असताना एकदा मोजता मोजता रस्त्यावरून लग्नाची वरात गेली. बँड वाजत होता, घोड्यावरचा नवरदेव खाली पडता पडता वाचला. मी तिकडं बघत राहिले. परत वळले तेव्हा आकडा हरवला होता. पप्पांनी थांबून विचारलं, "किती झालं?" मी ठोकून दिलं, "अठ्ठेचाळीस." त्यांनी दोन फिरवले आणि गाठ मारली.

चार दिवसांनी ती मोटर परत आली. जळून. मालकानं ती टेम्पोतून खाली टाकली आणि भर रस्त्यात ओरडायला लागला. कांद्याचं रोप वाळतंय, तुम्हाला काम येत नसेल तर दुकान बंद करा, असं बरंच काही. पप्पांनी ऐकून घेतलं. "पुन्हा भरून देतो," म्हणाले. मी दाराच्या आत, पडद्यामागे उभी होते. पुढं जाऊन "माझं चुकलं" म्हणायला चार पावलं लागली असती. ती मी टाकली नाहीत.

हे मी काकूंना मराठीत सांगितलं. काकूंनी पेन्सिल उचललीच नाही, नुसतं ऐकलं. मग म्हणाल्या, "हे इंग्रजीत लिही. सोपं लिही. अवघड शब्द आला की समजायचं, तू काहीतरी लपवतेयस."

मग दोन महिने तेच चाललं. दर रविवारी मी वाचायचे आणि त्या प्रश्न विचारायच्या. पडदा कसला होता? मोटर टाकली तेव्हा आवाज कसा आला? तुला ऐकू आलं की नंतर कुणी सांगितलं? त्यांचं इंग्रजी कोर्टातलं, जुन्या वळणाचं. माझं पाठ्यपुस्तकातलं. दोघींना मिळून एक शब्द सापडायला कधी कधी अर्धा तास लागायचा. वॉर्निशच्या वासासाठी तर सापडलाच नाही. शेवटी मी लिहिलं की त्या वासानं पहिल्यांदा येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मला भूक लागायची. काकू म्हणाल्या, "हां. हे खरं वाटतं."

निबंध पुरा झाला तेव्हा मी खूश होते. काकू म्हणाल्या, "आता वडिलांना वाचून दाखव."

"त्यांना इंग्रजी येत नाही."

"मग मराठीत सांग. तू त्यांच्याबद्दल लिहिलंयस आणि त्यांनाच माहीत नाही, हे बरोबर नाही."

शनिवारी एसटीनं शेवगावला गेले. पप्पा दुकानात एका मोटारीचं झाकण खोलत होते. मी स्टुलावर बसले आणि कागद बघून एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. वरात आली, अठ्ठेचाळीस आलं, पडदा आला. पप्पांचा पाना थांबला नाही. शेवटी मी म्हणाले, "पप्पा, ती मोटर माझ्यामुळं जळाली."

"कंची? त्या कांदेवाल्याची व्हय?" त्यांनी वर बघितलं. "ती तुझ्यानं न्हाई जळली. त्याच्याकडं तीनातली एक फेज गेल्ती. घरघर करत हुती तरी यानं चालूच ठिवली. जळंल न्हाई तर काय."

"पण माझे टर्न चुकले होते."

"ते चुकलेच हुते. सहा कमी हुते. वजनावरनं कळतं की. तू अभ्यासाला आत गेल्यावर मी ती कॉइल सोडवली न् पुन्यांदा भरली."

चार वर्षं मी ज्याचं ओझं वाहत होते, ते घडलंच नव्हतं.

"मग मला बोलला का नाहीत?"

पप्पांनी हात पुसले. "तू बोलशील म्हनून वाट बघितली. दोन-तीन दिवस बघितली. मग म्हनलं जाऊ दे, पोर हाय."

"तरी तुम्ही मला परत मोजायला बसवलंत."

"मग? न बसवता तुला यायचं कसं?"

एवढं बोलून ते परत कामाला लागले. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मोटर मी जाळली नव्हती हे खरं. पण माझ्या बोलण्याची वाट बघत कुणीतरी दोन-तीन दिवस थांबलं होतं, हे मोटारीपेक्षा जड होतं.

नगरला परत आल्यावर काकूंना सगळं सांगितलं. म्हटलं, आता निबंधाचं वाटोळं झालं, सगळा पायाच गेला. काकू पहिल्यांदाच मनापासून हसल्या. "अगं, आत्ता कुठं उलटतपासणी झाली. आता लिही."

शेवटचा निबंध मी चार दिवसांत लिहिला. त्यात मी चुकलेली होते, चुकीचं समजलेलीही होते, आणि पप्पा दुकानात एकटे बसून माझी कॉइल सोडवत होते. ते मी पाहिलेलं नव्हतं, म्हणून "पप्पांनी सांगितलं" असं स्पष्ट लिहिलं. शिकवण वगैरे शेवटी काही लावली नाही. लावायचा मोह झाला होता, काकूंनी तेवढं वाक्य खोडलं.

अर्जाची मुदत तिकडच्या मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होती. नेमकी त्या सकाळी गल्लीतली लाईट गेली. मोबाईलवरून एकेक पान भरत, ओट्यावर उन्हात बसून मी निवडलेल्या सगळ्या कॉलेजांना अर्ज पाठवला. काकू शेजारी छत्री धरून उभ्या होत्या, स्क्रीन दिसावी म्हणून.

मार्चमध्ये उत्तरं यायला लागली. एकामागून एक नकार. प्रत्येक नकार इतक्या गोड भाषेत असायचा की दुसऱ्या परिच्छेदापर्यंत कळायचंच नाही. एका कॉलेजनं घेतलं, पण खर्च तुमचा तुम्ही करा म्हणाले, म्हणजे नकारच. शेवटचं पत्र सकाळी चहाच्या वेळी आलं. मी वाचायला लागले आणि काकूंनी हात वर केला. "थांब. सावकाश. पुढं कुठं 'खेद' आहे का बघ आधी."

नव्हता. सगळा खर्च ते करणार होते. खाली तिथल्या एका बाईंनी हातानं लिहून त्याचा फोटो जोडला होता, की तुझ्या वडिलांना भेटायला मला आवडलं असतं. काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, परत काढला.

पप्पांना फोन केला तेव्हा ते कुणाच्या तरी विहिरीत उतरलेले होते. वर आल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडं थंडी किती असती?"

जायच्या दिवशी आम्ही गाडी करून मुंबईला निघालो. पुढं पप्पा, मागं मी आणि आई. नगर मागं पडलं. आई एकदम म्हणाली, "तो निबंध का काय, सगळ्यांनी ऐकला. मला कुनी सांगितला का?"

मी मोबाईल काढला आणि तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत सांगितला. तिनं सगळा ऐकला. मग विचारलं, "यात मी कुठं हाय?"

"साडेसहाशेच शब्द होते गं."

"व्हय का. आन् तो कांदेवाला दारात वरडत हुता, तवा त्याला मागल्या दारी बोलावून च्या कुनी पाजला? त्याची बायको दवाखान्यात हुती, म्हनून त्याचं डोकं फिरल्यालं. ते मला सांगून रडला तो. तुमी बापलेक एक पडद्यामागं न् एक मोटारीमागं."

पुढच्या सीटवर पप्पा मान वळवून म्हणाले, "खरंच की. ते मला न्हाई म्हाईत."

"तुमी इचारलं कवा?"

गाडी घाटाकडे निघाली होती. विमान रात्री उशिराचं होतं, हातात वेळ होता. मी पिशवीतून वही काढली, आईकडे सरकून बसले आणि म्हणाले, "सांग. पहिल्यापासून सांग."