दोन वाय आणि एक एच

नवऱ्याला हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली म्हणून आम्ही ब्रिस्टलला आलो. आमची मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी शहराच्या दक्षिण टोकाला एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनिस्ट म्हणून लागले. आजूबाजूला सगळी कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेने कमी भाड्याने दिलेली घरं. दर आठवड्याला नवी बाळं नोंदवायला यायची आणि नावं बहुतेक तीच ती: जेडन, टायलर, काइल, मुलींमध्ये केली आणि चेल्सी. स्पेलिंग मात्र प्रत्येकाचं निराळं.

माझी सीनियर चहाच्या वेळी नोंदणीचे फॉर्म मोठ्याने वाचून दाखवायची. "साधं नाव लिहिता येत नाही यांना," असं म्हणायची. सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. मी नवी होते, मला त्यांच्यात मिसळायचं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं चार अक्षरी नाव दीड अक्षरावर आणलं, तेव्हाही मी "चालेल की" म्हणाले होते.

एका सोमवारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी प्रॅम घेऊन आली. आत सहा आठवड्यांचा मुलगा झोपलेला. तिने फॉर्म भरून दिला. नाव नेहमीच्यातलंच, पण मधे दोन वाय आणि शेवटी एक एच. घाईत चुकलं असेल असं समजून मी कॉम्प्युटरवर ते रूढ स्पेलिंगने भरलं. तिला विचारलं नाही. उलट मनात आलं, बिचारीची चूक आपण सावरून घेतली.

दहा-बारा दिवसांनी ती परत आली. इंजेक्शनसाठी आम्ही पाठवलेलं पत्र तिने काउंटरवर ठेवलं आणि शेजारी जन्माचा दाखला.

"हा माझा मुलगा नाही," पत्रावर बोट ठेवून ती म्हणाली.

मी म्हणाले, "सॉरी. मला वाटलं, लिहिताना चुकलं असेल."

"तुम्हाला वाटलं मला स्पेलिंग येत नाही."

ती रागावलेली नव्हती. हे आधी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, अशा सुरात बोलत होती. तिने बॅगेतून एक निळं, घडी घातलेलं पत्र काढलं. बाळाचा बाप सैन्यात होता, इराकमध्ये. बाळ पोटात असताना दोघं फोनवर नाव ठरवत होते, पण फोनची मिनिटं मोजकी, आणि लाइन सारखी तुटायची. शेवटी त्याने पत्रात एकेक अक्षर मोठं काढून पाठवलं.

"माझ्या वर्गात माझ्या नावाच्या चौघी होत्या," ती म्हणाली. "टीचर माझ्याकडे बघून दुसरीलाच हाक मारायच्या. मी त्याला सांगितलं, आपल्या बाळाचं नाव फक्त त्याचं असू दे. मग त्याने हे जुळवलं."

पत्राच्या तळाशी ते नाव पेनने दोनदा गिरवलेलं होतं. मी तिच्यासमोर रेकॉर्ड दुरुस्त केलं, स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने ओठ हलवत प्रत्येक अक्षर तपासलं आणि मान हलवली. मी पुन्हा सॉरी म्हणाले. "इट्स ऑल राइट," म्हणून ती गेली.

त्या दुपारी चहाला सीनियरने नवे फॉर्म हातात घेतले. मी म्हणाले, "आज नको वाचूस." तिने कारण विचारलं, तर ती मुलगी, ते पत्र, सगळं सांगितलं, माझी चूकही. सीनियर म्हणाली, "माझ्या नातीचं नावही मला अजून नीट लिहिता येत नाही. सून फार चिडते." तिने फॉर्म बाजूला ठेवले. नंतर ती सुधारली असं काही नाही. मी रजेवर असले की वाचन चालायचं, असं दुसरीने सांगितलं. पण मी पुन्हा कधी हसले नाही, आणि नवीन फॉर्म आला की "स्पेलिंग असंच ना?" हे विचारून घ्यायचे. आया आधी दचकायच्या, मग खुशीत सांगायच्या, कुठलं अक्षर कुठून आलं ते.

त्या बाळाचा बाप शरद ऋतूत इराकहून सुखरूप परतला. उन्हाने रापलेला, फार कमी बोलणारा पोरगा. मुलाला खांद्यावर घेऊन इंजेक्शनला आला, तेव्हा बाळाची आई बाहेर प्रॅम आवरत होती. मुलगा रडला तर बापाचेच डोळे भरून आले. वर्षभरात त्याची बदली झाली आणि ते दुसऱ्या गावी राहायला गेले. त्यांची कागदपत्रं तिथल्या सर्जरीला मीच पाठवली, मुलाच्या नावाचं एकेक अक्षर तपासून.