तोड्याचं दार

त्याला सगळे तोड्याच म्हणत, तेही तोंडावर. जुनी घरं पाडण्यात त्याने हयात घालवली आणि कुणाच्या तळतळाटाला कधी भीक घातली नाही. "भिंती धडधाकट आहेत हो, नुसतं छप्पर बदला," असं कुणी गयावया करू लागलं की तो खेकसायचा, "असं सगळेच म्हणतात!" लोक हटेनात, तर घणाला हात न लावता तो आधी पुढचं दार उचकटून न्यायचा. बिनदाराच्या घरात कोण झोपणार? माणसं मुकाट्याने बोचकी बांधायची. हीच विद्या त्याने लेकाला शिकवली.

पुढे लेकाला राहत्या घराच्याच जागी इमारत बांधायची होती. तोड्या भडकला. "गाढवा, भिंती बघ जरा! नुसतं छप्पर बदललंस तरी तुझी नातवंडं इथे नांदतील!"

"बाबा, असं सगळेच म्हणतात."

"मी जिवंत असेपर्यंत घणाला हात तर लावून दाखव!"

लेकाने घणाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तोड्या दाढी करून परतला आणि सवयीने कडीकडे हात नेला. हाताला काहीच लागलं नाही. समोर नुसती चौकट उभी होती.