केशरबाईंच्या शेगडीवरचं दूध

घरमालकाची भूमिका मालनताईंनी इतक्या वेळा वठवली होती, की खऱ्या घरमालकाने येऊन धडे घ्यावेत. खोपटला संस्थेच्या खोलीत त्या खुर्चीवर ऐसपैस बसायच्या, खांद्यावर टॉवेल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोरच्या पोरावर गरजायच्या, "आईबाप कुठं असतात रे तुझे? आं? मान वर करून बोल!"

अर्धं आयुष्य त्यांनी कोपरला भाड्याच्या खोल्या मिळवून देण्यात घालवलं होतं. आता संस्थेत येत ती अठरा वर्षांची झाली म्हणून अनाथाश्रमातून बाहेर पडलेली मुलं. कुणी मित्राच्या गॅलरीत झोपतंय, कुणी एसटी डेपोच्या बाकावर. त्यांना हक्काने भाड्याचं घर मिळावं, अशी व्यवस्था संस्थेला बसवायची होती. मालनताईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "संस्थेची हमी द्या, ती हवीच. पण मालकाला खरं तर ज्याच्यावर ओरडता येईल असा एक माणूस लागतो हो. माझा नंबर देऊन टाका. आणि मुलांची तालीम माझ्याकडे!"

तालमीतून तयार झालेली पहिली मुलगी संचिता. कोपरला औषधांच्या दुकानात कामाला. वसतिगृहातली मुदत रविवारी संपत होती. खोली हुकली तर पुन्हा डेपोचं बाकडं, आणि बाकड्यावरून उठून रोज नीटनेटकं दुकानात उभं राहणं तिने एकदा करून पाहिलं होतं. ती पहिली नोकरी गेली होती.

खोली होती केशरबाईंची. कोपरच्या जुन्या गाववाल्या, आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसावीत. त्यांच्या सगळ्या प्रश्नांना संचिताने खणखणीत उत्तरं दिली. दाराशी उभ्या मालनताई प्रत्येक वाक्याला ओठ हलवत होत्या.

"पोरगी बरी हाय," केशरबाई म्हणाल्या. चावी मात्र कमरेलाच. "आता दूध तापव. नव्या घरात दूध उतू गेल्याबिगर मी चावी देत नाय. मागच्या भाडेकरूचं नासलं, तो गणपतीच्या आधीच पलाला."

पातेलं शेगडीवर चढलं. दूध फुगलं, काठाशी आलं, आणि संचिताने झडप घालून गॅस बंद केला.

"वाचलं!" ती विजयी चेहऱ्याने म्हणाली.

केशरबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"अगं, सांडायचंय ते!" मालनताई कुजबुजल्या.

"सांडायचं? मुद्दाम?"

पुन्हा गॅस पेटला. पुन्हा दूध चढलं. पुन्हा हात गेला.

"र्‍हाऊ दे गो बाय," केशरबाईंनी चावी पदराखाली घेतली. "घरालाच ही नको वाटते."

मटणापासून मित्रांपर्यंत सगळे प्रश्न घोटून घेतले होते मालनताईंनी. पण दूध? ते काय शिकवायचं? त्यांच्या स्वतःच्या चार घरांत दूध उतू गेलं होतं. या मुलीने नव्या घरात पाऊलच कधी टाकलं नव्हतं.

"केशरबाई, अहो, तिला माहीत नव्हतं, मी सांगायला विसरले," त्या अजिजीने म्हणाल्या.

संचिताने त्यांना थांबवलं. तालमीतला आवाज आता गेला होता.

"काकी, आश्रमात सकाळचं दूध माझ्याकडे असायचं. सगळ्यांना मिळून एकच पातेलं. उतू गेलं तर लहान पोरींना कमी पडायचं. त्यामुळे दूध फुगलं की माझा हात आपोआप जातो. मी तरी काय करू?"

केशरबाईंनी पातेल्याकडे पाहिलं, मग संचिताच्या हाताकडे.

"आणि माझी सून," त्या म्हणाल्या, "मोबाइल बघत उभी र्‍हाते न् रोज शेगडी धूत बसते." मग एकदम पुढे होऊन त्यांनी संचिताची दोन्ही मनगटं धरली. "मी धरते हिला. मालन, तू पेटव!"

दूध चढू लागलं. संचिता टाचा वर करू लागली.

"काकी, जातंय! अहो, जातंय!"

"जाऊ दे गो!"

गेलं. फसफसत काठावरून खाली, अगदी शुभ मानतात तसं पूर्वेकडे. संचिताने डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

"आता पुसू?" तिने विचारलं.

"तर काय मी पुसू? घर तुझं, शेगडी तुझी." तिच्या ओल्या हातावर केशरबाईंनी चावी ठेवली.

रविवारी सामान आलं. सोमवारी सकाळीच मालनताईंचा फोन वाजला.

"मालन! तुझी पोरगी माझ्या सैपाकघरात घुसली! माझ्या सुनेला सांगते, मोबाइल खाली ठेवा, दुधाकडं बघा! भाडेकरू हाय का सासू?"

मालनताईंनी फोन कानापासून जरा लांब धरला आणि केशरबाईंना मनसोक्त ओरडू दिलं. नंबर त्याचसाठी तर दिला होता.