जयाची सही

जया नाचणगावच्या अंगणवाडीत सेविका आहे. लेकरांवर आवाज चढवणंही तिला जमत नाही. लहानपणी आई गेली, आणि वर्षभरात वडिलांनी, पुंडलिकरावांनी, देवकाबाईला घरात आणलं. देवकाबाईनं तिला कधी मारलं नाही, कधी जवळही घेतलं नाही. पुढे रोशन झाला. या सावत्र भावाला जयानंच कडेवर खेळवलं.

यंदा पुंडलिकराव गेले. समुद्रपूरजवळचं कापसाचं वावर मागं राहिलं. तेरवीच्या पंगती उठल्या तसे देवकाबाईचे भाऊ प्रभाकरराव जयाजवळ येऊन बसले.

"वावर रोशनच्या नावानं होऊ दे पोरी. हक्कसोडीवर सही करजो. सावत्र पोरीनं वाटा मांगनं बरं दिसत नाई."

"घरी इचारून सांगतो, मामाजी."

मग रोज फोन येऊ लागले. अंगणवाडीसमोर एक अनोळखी माणूस मोटरसायकल लावून उभा राहू लागला. बोलायचा नाही, नुसता बघायचा. एके दुपारी तिची मुलगी काजल हातात चॉकलेट घेऊन शाळेतून आली.

"गेटवर एका काकानं देल्लं. म्हने, आईले सांगजो, मामाजी वाट पाहून राह्यले."

जयानं चॉकलेट हिसकून फेकलं आणि पोरीचे हात साबणानं धूतच राहिली. नवरा, प्रफुल, एवढंच म्हणाला, "आपल्याले वावर नाई पायजे. पोरगी पायजे. देऊन टाक सही."

सहीच्या दिवशी प्रफुल काजलजवळ थांबला आणि जया एकटीच माहेरी गेली. ओसरीवर प्रभाकरराव फोनवर बोलत होते. रोशननं मान वर केली नाही. आत देवकाबाईनं चहा दिला. जयाला त्याचा वास कडवट वाटला. तिनं कप खाली ठेवला.

"घे ना."

"नको. येतानीच घेतला."

देवकाबाईनं तो कप उचलला आणि उभ्या उभ्या संपवला.

"लहानपनापासून माह्या हातचं खाल्लं तू. आता मले भेतं?"

देवकाबाईनं ओसरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मीबी भेतो. भाऊ माह्या हिश्श्यावरबी सही घेऊन राह्यले."

रजिस्ट्रीच्या ऑफिसात देवकाबाई जयाशेजारी बसली होती आणि प्रभाकरराव दोघींच्या अगदी मागं उभे होते. साहेबांनी कागदावरून नजर उचलली. "स्वखुशीनं सोडता ना हक्क? कोणाचा दबाव नाही?"

जयानं पेन हातात घेतलं.

"हाये," देवकाबाई म्हणाली.

"काय?"

"दबाव हाये, साहेब. माह्या भावाचा. माह्यावर, आन माह्या पोरीवरबी."

साहेबांनी कागद बाजूला सारले. दस्त झाला नाही. प्रभाकररावांनी लगेच फोन काढून कानाला लावला. दोघी गर्दीतून वाट काढत एसटी स्टँडवर आल्या. देवकाबाईजवळ अंगावरच्या लुगड्याशिवाय काही नव्हतं. वर्ध्यापर्यंत दोघी मागच्या काचेतून रस्ता बघत बसल्या.

वर्ध्याच्या एका वकिलानं पोलिसात आणि तलाठ्याकडे अर्ज देववले. फोन बंद झाले. सातबाऱ्यावर तिघांचीही नावं चढली. रोशन आईला न्यायला नाचणगावला आला, तेव्हा देवकाबाई दारातच म्हणाली, "मामाले घराबाहेर काढ, मंग येतो." तो पाणीही न पिता गेला. मामा अजून त्याच घरात आहे.

देवकाबाई आता काजलजवळ झोपते. जया पोरीला स्वतः शाळेत सोडते, स्वतः आणते. वावरात कापूस फुटला असेल. "चाल, पाहून येऊ," देवकाबाई म्हणते. एकदा दोघी निघाल्याही. वर्ध्याच्या स्टँडवर समुद्रपूरची बस लागली, माणसं चढली, तरी जयाला बाकावरून उठवेना. देवकाबाईनं आग्रह केला नाही. बस सुटली. बाजारातून थोडी भाजी घेऊन दोघी घरी परतल्या.