ओगल्यांचं पापलेट

आमच्या चारकोपच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नंदकिशोर ओगल्यांनी जन्मात मासा खाल्लेला नाही. आणि इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात माशांवरचे एकशे चाळीस लेख त्यांनीच लिहिलेले आहेत. हे कसं काय, असं विचारलं तर म्हणतात, "ज्याला चव माहीत नाही, तोच तटस्थ लिहू शकतो."

या ज्ञानकोशात कोणीही लिहावं, कोणीही खोडावं, पगार कोणालाच नाही. नियम मात्र कडक. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही, छापील पुरावा लागतो. ओगल्यांची अख्खी नोकरी विमा कंपनीत, कागद अपुरे म्हणून अर्ज परत पाठवण्यात गेली. त्यामुळे त्यांना इथे माहेरी आल्यासारखं वाटलं. घरातही तेच. सुहासिनीकाकू ओरडल्या, "अहो, दूध उतू गेलं!" की हे खुर्चीतून विचारणार, "संदर्भ?"

बारा वर्षांत त्यांचा एकही लेख मुखपृष्ठावर आला नव्हता. यंदा 'पापलेट' निवडला गेला. पुण्याच्या, मुलुंडच्या आणि नागपूरच्या संपादकांनी ओळ न् ओळ तपासून एकमताने पास केला. सोमवारी झळकणार होता.

शुक्रवारी कोणीतरी त्यातला फोटो उडवला. शेरा होता, "हे पापलेट नाय, हलवा आहे."

ओगल्यांनी फोटो परत लावला. "कृपया संदर्भ द्यावा."

पुन्हा उडाला. "आधी चष्मा लावावा."

एका दिवसात तीनदाच परत लावता येतं. ओगल्यांचा कोटा दुपारच्या चहाआधीच संपला. मग त्यांनी चर्चापानावर तिन्ही परीक्षकांना हाक मारली, तेव्हा उघड झालं की तिघेही शाकाहारी! नागपूरच्या देवदत्तांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "मला दोन्ही चपटेच दिसतात." वाद रविवार संध्याकाळपर्यंत मिटला नाही, तर पापलेटऐवजी 'स्टेपलर' हा लेख लागणार होता.

शेवटी फोटो उडवणाऱ्या व्यक्तीचाच निरोप आला. "काका, तुमच्या पानावर चारकोप लिहिलंय ना? मग आमच्या मार्केटला या. सासूच्या टोपलीवर दाखवते. विनिता."

रविवारी सकाळी ओगले नाकाला रुमाल लावून आणि सोबतीला मला घेऊन मार्केटात शिरले. विनिताच्या सासूबाई, सखुबाई, दोन हातांत दोन मासे धरून तयारच होत्या.

"हा काळपट, तो हलवा. हे चांदीवानी, ते पापलेट. चाळीस वर्सं विकते मी. आणि माझ्या सुनेकडं पुरावा मागता?"

"तसं नव्हे हो, पण छापील काही..."

"मासा कुठं छापून येतो काय ओ?"

विनिता पदरात तोंड लपवून हसली. ओगल्यांनी मोबाईल काढला. "बाई, ते पापलेट जरा धरता? फोटो घेतो. संध्याकाळच्या आत हवाय."

"धरते की. पन खाली लिवायचं, ताजं पापलेट."

"ताजं नाही लिहिता येणार. जाहिरात होते ती."

"मंग लोकांनी काय समजायचं, सखुबाई शिळं विकते?" आणि पापलेट परत बर्फावर गेलं.

ओगल्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'सुप्रसिद्ध', 'निसर्गरम्य', 'अप्रतिम' अशी हजारो विशेषणं या माणसाने लोकांच्या लेखांतून तणासारखी उपटलेली. पण डोळ्यांसमोर स्टेपलर उभा होता.

"लिहितो," ते म्हणाले.

"उगा लिवू नका. बगा आधी. कल्ला लाल, तर मासा ताजा." सखुबाईंनी माशाचा कल्ला उचलला. ओगल्यांनी नाकावरचा रुमाल काढला, वाकले, आणि हळूच म्हणाले, "लालबुंद आहे हो!"

फोटो निघाला. त्या पापलेटाचं पुढे आमच्या तव्यावर काय झालं, त्याला छापील पुरावा नाही.

सोमवारी लेख झळकला. हिरव्या बांगड्यांचा हात, हातात पापलेट, खाली 'ताजे पापलेट'. मी अभिनंदनाला गेलो तर ओगले कपाळाला हात लावून बसलेले. देवदत्तांनी 'ताजे'पुढे निळ्या अक्षरांत चिकटवलं होतं: संदर्भ हवा.

त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. मग दोन बोटांनी टाईप केलं, "कल्ला लाल होता. मी स्वतः पाहिला."

तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, दूध उतू गेलं!"

ओगले काहीही न विचारता फडकं घेऊन उठले.